‘तपास चालू आहे’ म्हणजे कसला तपास?

मराठवाड्यातल्या एका शेतकऱ्याने लिहिलंय. गेल्या वर्षी २४ ऑगस्टला, पोळा नुकताच झालेला असताना, बांधावरून चुलतभावाशी भांडण झालं आणि काठीचा मार बसला. तक्रार द्यायला ठाण्यात गेले, तर एनसी लिहून घेतली आणि यांनाच रात्री अकरापर्यंत बाकड्यावर बसवून ठेवलं. तेवढ्या वेळात समोरची मंडळी येऊन ठाणे अंमलदाराशी बोलून गेली, असं ते म्हणतात. त्या रात्रीची ठाणे दैनंदिनी, तक्रारीवर झालेल्या कारवाईचे कागद आणि सीसीटीव्ही फुटेज मिळावं म्हणून त्यांनी १० नोव्हेंबरला माहिती अधिकाराचा अर्ज दिला. उत्तर आलं नाही. जानेवारी, मार्च आणि एप्रिल अशी तीन स्मरणपत्रं दिली. शेवटी ९ जूनला दोन ओळींचं पत्र हातात पडलं: तपास चालू असल्याने कलम ८(१)(ज) अन्वये माहिती देता येत नाही. आता उच्च न्यायालयात जावं का, असं ते विचारतात.

अशी पत्रं मला सारखी येतात. गाव बदलतं, भांडणाचं कारण बदलतं, स्मरणपत्रं मात्र प्रत्येकात असतात.

उच्च न्यायालय सध्या बाजूला ठेवा. तुमच्या चार पानी पत्रात सगळ्यात मोलाचा शब्द तुम्ही जाता जाता एकदाच लिहिलाय: एनसी. तुमची तक्रार अदखलपात्र म्हणून नोंदवली गेली. अदखलपात्र गुन्ह्याचा तपास पोलिसांना दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय करताच येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ मध्ये हे स्वच्छ लिहिलंय आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १५५ मध्येही तेच होतं. मग ठाण्याने तुम्हाला लेखी कळवलेला हा तपास कुठला? आदेश असेल तर त्याची तारीख आणि क्रमांक द्यावा लागेल. आदेश नसेल तर तपासही नाही, आणि नसलेल्या तपासाला माहिती दिल्याने बाधा येणार तरी कशी? तुमचं सगळं प्रकरण या एका प्रश्नावर उभं आहे. अपिलात हाच पहिला मुद्दा लिहा, आणि शक्यतो पहिल्याच वाक्यात.

समजा तपास खरोखर चालू असला, तरी तेवढ्याने काम भागत नाही. ८(१)(ज) मध्ये ‘तपास चालू असेल तर’ असे शब्दच नाहीत. माहिती दिल्याने तपासाच्या, आरोपीला पकडण्याच्या किंवा खटल्याच्या कामात अडथळा येईल, तरच ती नाकारता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या निकालात सांगितलं की तपास प्रलंबित आहे एवढं कारण पुरेसं नाही, अडथळा कसा येईल हे दाखवावं लागतं. आणि नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे माहिती अधिकाऱ्यावर आहे, तुमच्यावर नाही. एक सावधगिरी घ्या. चुलतभावाने त्याच दिवशी तुमच्याविरुद्ध दखलपात्र गुन्हा नोंदवलेला असेल, तर ‘तपास’ त्याचा असू शकतो आणि मग माझं हे म्हणणं अर्धं लंगडं पडेल. ते आधी बघून घ्या. एफआयआर पाहायला माहिती अधिकार लागत नाही. संवेदनशील गुन्हे सोडले तर पोलिसांच्या संकेतस्थळावर ती चोवीस तासांत टाकावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे.

आता तारखा. इथे मला तुमच्यावर थोडं रागवावं लागेल. १० नोव्हेंबरच्या अर्जाचे तीस दिवस १० डिसेंबरला संपले. त्या दिवशी कायद्याने तुम्हाला नकार मिळाला, कारण कलम ७(२) प्रमाणे मुदतीत उत्तर न देणं हा नकारच असतो. तिथून पहिल्या अपिलाला तीस दिवस, म्हणजे ९ जानेवारीपर्यंत. तुमचं पहिलं स्मरणपत्र १२ जानेवारीचं आहे. अपिलाची मुदत तीन दिवसांपूर्वी संपली होती, आणि पुढचे तीन महिने तुम्ही अशा कागदावर घालवलेत ज्याला माहिती अधिकार कायद्यात जागाच नाही. स्मरणपत्राने मुदत वाढत नाही, ते वाचण्याचं बंधन कुणावर नाही, त्याचं उत्तर आलं नाही तर दादही मागता येत नाही. साहेबांना आठवण करून देणं ही आपल्या कचेऱ्यांनी लावलेली सवय आहे. तिच्यात सहा-सहा महिने गमावलेली माणसं माझ्यासमोर येऊन बसतात, आणि दरवेळी मला वाईट वाटतं.

तुमचं नशीब की ठाण्याने उशिरा का होईना, लेखी नकार दिला. कलम १९(१) मध्ये निर्णय मिळाल्यापासूनही तीस दिवस मोजता येतात. पत्र ९ जूनला मिळालं, म्हणजे ९ जुलैपर्यंत तुम्ही मुदतीत आहात. जानेवारीची मुदत चुकली असा आक्षेप कुणी घेतलाच, तर सबळ कारणासाठी उशीर माफ करण्याची तरतूद त्याच कलमात आहे. दोन ओळींचा विनंती अर्ज सोबत जोडून ठेवा. पत्राचं पाकीट तुम्ही फेकलं नसेल अशी आशा करते. पत्रावर तारीख २ जूनची आहे, ते ९ तारखेला पोचलं हे पाकिटावरच्या शिक्क्यावरूनच सिद्ध होईल.

अपील बहुतेक जिल्ह्यांत उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याकडे जातं. खरं तर अपील कुणाकडे आणि किती दिवसांत करायचं, हे नकाराच्या पत्रातच लिहिणं कलम ७(८) ने बंधनकारक आहे. तुमच्या पत्रात ते नाही, म्हणून हाही मुद्दा घ्या. वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, अर्जाची आणि नकाराची झेरॉक्स जोडा, हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घ्या. नोव्हेंबरच्या अर्जाची पोच तुमच्याकडे नाही असं लिहिलंय. नकाराच्या पत्रात अर्जाचा संदर्भ आलाय, म्हणून या वेळी निभावलं.

पण ९ जुलैची वाट पाहू नका. अपिलाचा निकाल तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत लागायचा असतो. ९ जुलैला अपील टाकलं तर पंचेचाळिसावा दिवस २३ ऑगस्टला येतो आणि २४ ऑगस्टला घटनेला वर्ष होतं. परमवीरसिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० ला आदेश दिला की ठाण्यातलं फुटेज अठरा महिने, आणि तेवढी सोय नसेल तर किमान एक वर्ष जपावं. कमीत कमी मुदत धरली तर तुमच्या त्या रात्रीचं फुटेज जाण्याची वेळ जवळ आली आहे. म्हणून अपिलासोबतच ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला आणि पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने वेगळं पत्र पाठवा: अमुक तारखेचं, संध्याकाळी इतक्यापासून रात्री अकरापर्यंतचं, ठाणे अंमलदाराच्या टेबलाचं आणि बाकड्याजवळचं फुटेज माझ्या १० नोव्हेंबरच्या अर्जाचा विषय आहे, ते नष्ट करू नये. मागणीचा विषय असलेली माहिती नष्ट केली तर कलम २० प्रमाणे दंड होऊ शकतो, हेही लिहा. फुटेजची प्रत हातात पडेलच असं मी म्हणणार नाही. इतरांचे चेहरे, गोपनीयता, ठाण्याची सुरक्षा ही कारणं पुढे येतील. प्रत नाही तर पाहणी तरी मागा, तोही माहितीचाच अधिकार आहे. दैनंदिनीबाबत तुमची बाजू जास्त भक्कम आहे. इतरांच्या नोंदी झाकून तुमची नोंद देता येते, कलम १० त्यासाठीच आहे.

दुसऱ्या अपिलाच्या भरवशावर मात्र राहू नका. राज्य माहिती आयोगाकडे एक लाखावर प्रकरणं पडून असल्याचं सतर्क नागरिक संगठनच्या २०२३ आणि २०२४ च्या अहवालांत आलं होतं. नव्वद दिवसांत अपील टाकायचं आणि सुनावणीला वर्षं जातात. ज्या कायद्याने तीस दिवसांचं वचन दिलं, त्याच्या शेवटच्या पायरीवर माणसाला असं ताटकळत ठेवणं हा अन्याय आहे आणि आम्ही वकिलांनी त्याची सवय करून घेतली, हेही चुकलं. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच की पहिलं अपील हीच खरी लढाई आहे.

तुम्ही न विचारलेली गोष्टही सांगते, कारण ती या सगळ्यापेक्षा मोठी असू शकते. साधी दुखापत, न्यायसंहितेचं कलम ११५(२), याला जास्तीत जास्त एक वर्षाची शिक्षा आहे, आणि अशा गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयालाही एकच वर्षाची मुदत असते. तक्रार दाखल केल्याची तारीख त्यासाठी धरली जाते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे चुलतभावाविरुद्ध दंडाधिकाऱ्यांकडे जायचं असेल, तर ऑगस्टची २४ तारीख उजाडायच्या आत. एनसीवर आणखी कोणती कलमं आहेत, सरकारी दवाखान्याच्या दाखल्यात हाड मोडल्याचं लिहिलंय का, यावर हे गणित बदलेल. ते कागद तुम्ही मला पाठवलेले नाहीत. तालुक्याच्या कोर्टात फौजदारी काम करणाऱ्या वकिलाला ते या आठवड्यातच दाखवा. त्याला आणखी एक काम सांगा: अदखलपात्र नोंदींचा दैनंदिनी अहवाल ठाण्याला दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावा लागतो. तुमची नोंद ऑगस्टअखेरच्या अहवालात गेली होती का, हे कोर्टाच्या कार्यालयात विचारायला सांगा. गेली नसेल, तर ती गोष्टही अपिलात घाला.