८ जणांच्या ऑफिसात थिन क्लायंट चालतील का, आणि एकच प्रिंटर सगळ्यांना कसा जोडावा?

चालतील. थिन क्लायंटच बसवा, म्हणजे टेबलावर नुसता छोटा डबा, प्रोग्रॅम सगळे एका सर्व्हरवर. आणि कुणी ‘त्यावर प्रिंट येत नाही’ म्हणालं, तर आधी राउटरचा पासवर्ड कुणाकडे आहे ते विचारा.

गोव्यात फोंड्याला एका सीएच्या ऑफिसात मी नेमकं हेच बसवलं होतं. एक सर्व्हर, ८ थिन क्लायंट, एक नेटवर्क लेझर प्रिंटर. वर्षभर तक्रार नाही. मग जुलैचा शेवटचा आठवडा आला. ३१ तारखेची रिटर्नची घाई, बाहेर धो धो पाऊस, आणि भर दुपारी लाइट गेली. सर्व्हर, स्विच, थिन क्लायंट यूपीएसवर होते, कुणाची टाइप केलेली एक ओळ गेली नाही. लेझर यूपीएसवर लावायचा नसतो, फ्यूजर (पावडर पानावर वितळवणारा भाग) तापताना करंट फार खेचतो. पण राउटरही साध्या प्लगवर होता. लाइट आल्यावर राउटरने प्रिंटरला नवा पत्ता दिला आणि सर्व्हर जुन्याच पत्त्यावर पानं पाठवत राहिला.

‘तुजे ते डबे काड,’ पात्रांव, म्हणजे मालक, म्हणाले. शेजारी त्यांचा भाचा. राउटर त्याने बसवलेला. पासवर्ड मी ३ वेळा मागूनही दिला नव्हता. तो म्हणे, मी आधीच सांगितलेलं, प्रत्येकाला पीसी घ्या. मी प्रिंटरचं कॉन्फिगरेशन पान काढून दाखवलं: पत्त्याच्या शेवटी १४ होते, तिथे २३. सर्व्हरवर पोर्ट बदलला, अडकलेली सगळी पानं धडाधड बाहेर आली. तरी गणेश चवथीपूर्वी तिथे ८ पीसी आले आणि माझं काम गेलं. पीसी असते तरी त्या दिवशी प्रिंट अडकलीच असती, हे मी आजही कुणालाही पटवून देईन.

तेव्हा राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅक अ‍ॅड्रेसवर (यंत्राचा कायमचा नंबर) पत्ता बांधून टाका, म्हणजे तो बदलणार नाही. सर्व्हरवर साधा टीसीपी/आयपी पोर्ट, नंबर ९१००. विंडोज आपणहून डब्ल्यूएसडी (प्रिंटर आपोआप शोधणारा) पोर्ट घेतं, तो ठेवू नका. प्रिंटर लॅनचाच घ्या, केबलने थेट नेटवर्कला लागणारा. यूएसबीवाला एकाच्या टेबलावर ठेवून शेअर केलात, तर तो माणूस रजेवर गेला की सगळ्यांची छपाई बंद.

पासवर्ड नसला तरी प्रिंटरच्या पॅनलवरून पत्ता हाताने भरता आला असता. ती चूक माझी.

विंडोज सर्व्हर असेल तर आरडीएस कॅल (सर्व्हरवर बसून काम करण्याचे परवाने) माणशी किंवा मशीनमागे घ्यावीच लागतात, विंडोज प्रोवर एका वेळी एकच जण बसतो. ऑटोकॅडवाल्यांना पीसीच द्या. आणि सह्यांसाठी डीएससी टोकन (डिजिटल सहीचं यूएसबी) वापरत असाल तर ते सर्व्हरला लावून रिमोट सेशनमध्ये दिसत नाही, थिन क्लायंटलाच लावावं लागतं. विकत घेण्याआधी एक मशीन मागवून तुमच्याच टोकनने सही करून बघा.