फिशबोन आकृतीत दर वेळी ‘कामगाराचा निष्काळजीपणा’च का निघतो?

आपण विचारले आहे की, प्रत्येक दोषासाठी फिशबोन आकृती काढूनही मूळ कारण म्हणून शेवटी ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असेच लिहिले जाते, तर नेमके काय चुकते. या आकृतीत माशाच्या सांगाड्याप्रमाणे डोक्यात दोष आणि काट्यांवर त्याची संभाव्य कारणे लिहितात. माझ्या अनुभवाप्रमाणे माशाच्या डोक्यात दोष मोघम लिहिला जातो आणि काट्यांवरच्या तर्कांपैकी एखादा न पडताळताच कारण म्हणून स्वीकारला जातो. जपानी गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावा यांनी १९४३ मध्ये कावासाकी पोलाद कारखान्यातील अभियंत्यांना एका परिणामामागचे अनेक घटक कसे मांडावेत हे समजावताना ही आकृती वापरली. तिच्यात शक्यता मांडता येतात. त्यांतली खरी कोणती, हे प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊनच ठरते.

मी कोल्हापूर भागातील एका फाउंड्रीत (वितळलेला धातू साच्यात ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात) गुणवत्ता विभागात होतो. एका पावसाळ्यात बिडाच्या कास्टिंगमध्ये (ओतीव भागांमध्ये) ब्लोहोल (वायू अडकून पडणारी छिद्रे) येऊ लागले. पहिल्या बैठकीत डोक्यात ‘ब्लोहोल वाढले’ एवढेच लिहिले, आणि माणूस, यंत्र, माल, पद्धत, मोजमाप व वातावरण या सहा काट्यांवर इतके तर्क जमले की, शेवटी सर्वांनी रात्रपाळीत धातू ओतणाऱ्यावर बोट ठेवले. दुसऱ्या वेळी आम्ही आधी आठवडाभर नापास कास्टिंग पाळी, पार्ट आणि छिद्राची जागा यांनुसार वेगळी लावली. छिद्रे एकाच पार्टमध्ये, कोअरला (आत पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवलेल्या रेतीच्या तुकड्याला) लागून आणि मुख्यतः रात्रपाळीत येत होती. हे डोक्यात लिहिताच बरेच काटे गळाले, कारण मोल्डिंगच्या (साच्याच्या) रेतीत किंवा धातूच्या तापमानात बिघाड असता, तर त्याच वेळी ओतलेले इतर पार्टही नापास झाले असते.

दिशा मिळाली ती मोजमापाच्या काट्यावरून. रेतीचा ओलावा आम्ही नियमित तपासत होतो, तयार कोअरचा मात्र कोणीच पाहत नव्हते. ते कोअर सोडियम सिलिकेट आणि कार्बन डायऑक्साइड वापरून घट्ट केलेले होते. असे कोअर दमट हवेत पडून राहिले की ओलावा शोषतात, आणि वितळलेले लोखंड लागताच त्यातून निघणाऱ्या वायूला वाट मिळाली नाही, तर तो कास्टिंगमध्येच अडकतो. तरीही हा तर्कच होता. म्हणून एकाच लॅडलमधून (वितळलेला धातू ओतण्याच्या भांड्यातून) ओतल्या जाणाऱ्या साच्यांपैकी काहींत पुन्हा तापवून कोरडे केलेले कोअर बसवले, काहींत तसेच पडून राहिलेले, आणि कास्टिंगवर खुणा केल्या. छिद्रे दुसऱ्या गटातच आली.

मग ‘का’ विचारत गेलो. कोअर ओले का, तर ते दाराजवळ उघड्यावर असत. उघड्यावर का, तर दोन्ही पाळ्यांचे कोअर दिवसाच बनवले जात आणि ठेवायला जागा नसे. दिवसाच का, तर सेटिंग वारंवार बदलावे लागू नये म्हणून नियोजनात तसे ठरले होते. यातले काहीही रात्रपाळीच्या त्या कामगाराच्या हातात नव्हते. पहिल्या बैठकीत आम्ही दोष त्याला दिला, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून ‘निष्काळजीपणा’ हा शब्द फलकावर आला, तर कोणती कृती, कोणत्या वेळी चुकली आणि ती चुकणे शक्य का झाले, हे विचारावे. प्रत्येक तर्कापुढे तो कोण आणि कसा तपासणार, हेही लिहावे. बैठकीला प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना जरूर बोलवावे. आमच्या पहिल्या बैठकीत कोअर बनवणारेही नव्हते आणि रात्रपाळीचेही कोणी नव्हते.