प्रोबायोटिक जिवाणू कर्करोगाशी लढू शकतात का?

थेट उपचार म्हणून अजून नाही, पण आशा खरी आहे. 'ई. कोलाय निसल १९१७' हा प्रोबायोटिक, म्हणजे आरोग्याला उपयोगी मानला जाणारा, जिवाणू घ्या. गाठीच्या आत ऑक्सिजन कमी आणि रोगप्रतिकारशक्तीचा पहारा ढिला, त्यामुळे तो तिथे मस्त वाढतो. म्हणून त्याच्या जनुकांत बदल करून औषध थेट गाठीतच तयार करून घ्यायचे प्रयोग चालू आहेत. उंदरांमध्ये गाठी आटल्याही आहेत.

दुकानातल्या प्रोबायोटिक कॅप्सूलचं मात्र वेगळं. २०२१ च्या एका अभ्यासात मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाच्या, इम्युनोथेरपी (रोगप्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारा उपचार) घेणाऱ्या रुग्णांना या कॅप्सूलचा फायदा दिसला नाही. तंतुमय आहार घेणाऱ्यांची स्थिती बरी होती. केमोमुळे पांढऱ्या पेशी घटल्या असतील तर हेच जिवाणू क्वचित रक्तात शिरून संसर्ग करतात. तेव्हा कृपया डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.