अळ्या मरत असतील तर आधी मातीकडे बघा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. हळदीकुंकवाच्या (मिल्कवीडच्या) झाडांवर प्लेन टायगर फुलपाखरं अंडी घालतात, अळ्या बाहेर येतात आणि बोटाच्या पेराएवढ्या होण्याआधीच लोंबकळून मरतात. शेजारच्या साल्व्हियाच्या फुलझाडांखाली रोज दोन-चार मधमाश्या उताण्या पडलेल्या. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, 'फवारणी तर मी कधीच केली नाही.' ते वाचून पोटात कालवलं, कारण हेच वाक्य मीसुद्धा सगळ्यांना सांगत होते.

ऊन, निचरा, छाटणी यावर काही लिहीत नाही. झाडांचं वर्णन वाचून ते तुम्हाला जमतंय हे कळतंच.

माझ्याकडे पहिल्याच वर्षी हळदीकुंकवावर पिवळा मावा (रस शोषणारे बारीक किडे) आला. शेंडे आणि कळ्यांचे देठ इतके भरले की हिरवा रंग दिसेना. आज मी त्याकडे बघून पुढे जाईन, पण तेव्हा घाबरले आणि बागेचा सल्ला देणाऱ्या एका कार्यालयात गेले (नाव घेत नाही). ही झाडं फुलपाखरांसाठी लावली आहेत, हे मी तिथे तीनदा सांगितलं. समोरच्या गृहस्थांनी मान वर न करता इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची आळवणी (पाण्यात मिसळून मुळाशी ओतणं) लिहून दिली. 'फवारू नका, मुळाशी ओता, म्हणजे मधमाश्यांना काही होत नाही.' मला ते पटलं. फुलावर थेंबही पडणार नाही, मग फुलाला काय होणार?

खरं तर अगदी उलट होतं. हे आंतरप्रवाही औषध आहे. मुळं ते पाण्याबरोबर ओढून घेतात आणि ते पान, देठ, कळी, सगळीकडे पोचतं. पुढे परागात आणि मकरंदातही उतरतं. फवारलेलं औषध पावसाने निदान काही प्रमाणात धुऊन जातं, हे झाडाच्या आतच असतं. मावा चार दिवसांत गेला आणि मी खूश झाले. मग एका सकाळी पानाखाली एक अळी दिसली. मागच्या पायांनी पान धरून ठेवलेलं, पुढचं अंग खाली लोंबतंय, तोंडातून हिरवं पाणी येतंय, आणि स्पर्श केला की सगळं अंग थरथरतंय. अशा नऊ अळ्या त्या आठवड्यात उचलल्या. परत त्याच कार्यालयात गेले तर उत्तर मिळालं, 'अळ्या मेल्या म्हणजे औषध लागू पडलं.' फुलपाखराची अळी आणि पिकावरची कीड यांत फरक आहे, हे सल्ला देणाऱ्यालाच माहीत नसेल तर विचारायचं कुणाला? अजून राग जात नाही. याच निओनिकोटिनॉइड गटातल्या तीन औषधांच्या उघड्यावरच्या वापरावर युरोपीय संघाने 2018 मध्ये बंदी आणली, तीही मधमाश्यांना असलेल्या धोक्यामुळे. म्हणजे ही काही गुपित माहिती नाही.

आता तुमच्याबद्दल. झाडं नर्सरीतून फुलांसकट आणली, असं तुम्ही लिहिलंय. मला संशय तिथेच येतो. विकायची रोपं देखणी राहावीत म्हणून त्यांना आधीच आळवणी केलेली असू शकते, किंवा कुंडीच्या मातीत दाणेदार औषध मिसळलेलं असू शकतं. नर्सरीत 'औषध मारलंय का?' असं विचारू नका, 'नाही' म्हणतील. 'मुळाशी काही घातलंय का?' असं विचारा.

मी तज्ज्ञ नाही, आणि अळ्या मरण्याची इतर कारणंही असतात. अळी काळी पडून मऊ होत असेल, फुटून पाणी गळत असेल तर तो बहुधा जंतूंचा किंवा विषाणूचा रोग असतो. पण रोगाने साल्व्हियाखाली मधमाश्या पडत नाहीत, म्हणून मी औषध धरून चालले आहे.

मी काय केलं ते सांगते, कुणाला टोकाचं वाटेल. त्या झाडांच्या कळ्या पूर्ण हंगामभर खुडल्या, म्हणजे मधमाश्यांना तिथे प्यायला काही उरू नये. मग हळदीकुंकू मुळासकट काढलं. कुंड्यांतली माती फेकली, कारण हे औषध मातीत कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त टिकतं. फांदीपासून नवीन रोप करण्याचा मोह झाला होता, पण औषध फांदीतही असतं. म्हणून सगळं बियांपासून नव्याने केलं. फुलं यायला वेळ लागला, तो लागू दे.

माव्याला आता फक्त पाण्याचा जोरदार फवारा, तोही आधी पानं उलटी करून अंडी बघितल्यावर. अंडं एकेकटं असतं, फिकट, टाचणीच्या डोक्याएवढं. साबणाचं पाणी सुचवणारे बरेच भेटतील, पण ते अळीलाही लागतं. थोडा मावा राहू द्याच, तो खाणारे लेडीबर्ड किडे त्यावरच येतात.

जाता जाता, नवीन झाडं घ्याल तेव्हा भरगच्च पाकळ्यांच्या जाती टाळा. त्यांत बऱ्याचदा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, मग पराग कुठून मिळणार? एकेरी फुलांचं पेंटास किंवा इचिनेशिया घ्या, आणि एकाच जातीची पाच-सहा झाडं जवळजवळ लावा. सगळी माती आच्छादनाने झाकू नका. मधमाश्यांच्या बहुतेक रानटी जाती एकट्या राहतात आणि उघड्या जमिनीत बीळ करतात. माझ्याकडे तुळशीशेजारच्या हातभर कोरड्या पट्ट्यात पेन्सिलीएवढी सात भोकं आहेत, तिथे मी खुरपं लावत नाही.

नर्सरीवाले काय म्हणाले ते इथेच लिहा. आणि पुढची अळी मरताना दिसली तर तिचा जवळून फोटो टाका, पानाच्या खालच्या बाजूचाही.