नव्या शहरातील उद्याने आणि गजबजलेल्या वस्त्या कशा पाहाव्यात?

आपण लिहिले आहे की कामानिमित्त तीन महिने एका नव्या, मोठ्या शहरात राहायचे आहे, पाहण्याची म्हणून जी ठरावीक स्थळे असतात ती पहिल्या पंधरवड्यातच पाहून झाली आहेत, आणि उरलेल्या सुट्ट्यांत तिथली उद्याने व नांदत्या वस्त्या पायी हिंडून पाहायच्या आहेत. परंतु सुरुवात कुठून करावी आणि गेल्यावर नेमके काय पाहावे, हे उमगत नाही. नोकरीमुळे मलाही दर दोन-तीन वर्षांनी शहर बदलावे लागले आहे, म्हणून अनुभवाच्या आधारे सांगतो. उद्यानांची एक यादी आणि वस्त्यांची दुसरी यादी असे करू नका. उद्यान आणि त्याला लागून असलेली वस्ती ही जोडी समजा आणि एका दिवशी एकच जोडी पाहा.

मी स्वतः याच्या नेमके उलट केले होते. एका शहरातील पहिल्याच रविवारी पाच उद्याने पाहण्याचा चंग बांधला, ती पाहिलीही, आणि रात्री छायाचित्रे चाळताना कोणते तळे कोणत्या बागेतले हे मलाच सांगता येईना. हिरवळ, कारंजे आणि बाक हे जगात कुठेही गेलो तरी फारसे बदलत नाहीत. बदलते ते तिथे कोण येते, कोणत्या वेळी येते आणि कोणत्या दाराने येते, आणि ते ठरते कुंपणाबाहेरच्या वस्तीवरून.

याचे सर्वांत लख्ख उदाहरण अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात आहे. शहराचे संस्थापक विल्यम पेन यांच्यासाठी १६८२-८३ च्या सुमारास आखलेल्या आराखड्यात मध्यभागी एक आणि चार बाजूंना चार असे पाच चौक मोकळे सोडले होते. मधल्या चौकात पुढे नगरभवन उभे राहिले. उरलेल्या चौघांचा आकार जवळजवळ सारखा, मूळ हेतू सारखा आणि नगरभवनापासूनचे अंतरही साधारण सारखेच. तरीही १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात शहरांच्या अभ्यासक जेन जेकब्स यांनी त्यांची तुलना केली, तेव्हा चौघांची नशिबे चार वाटांना लागलेली होती. त्यांपैकी रिटनहाउस चौक दिवसभर नांदता होता, कारण त्याच्याभोवती घरे, कार्यालये, दुकाने, संगीतशाळा अशी सरमिसळ होती आणि त्यामुळे सकाळी एक, दुपारी दुसरे आणि संध्याकाळी तिसरेच लोक तिथून जात-येत. वॉशिंग्टन चौकाभोवती प्रामुख्याने कार्यालये होती. दुपारची सुट्टी संपली की तो ओस पडे. लोगन चौकाचे तर वाहनांच्या वर्दळीने वेढलेले बेट झाले होते. चार भावंडे एकाच घरात वाढली आणि संगतीप्रमाणे घडली, तसाच हा प्रकार. ही तुलना वाचल्यापासून कोणत्याही उद्यानात शिरण्यापूर्वी त्याला बाहेरून एक पूर्ण फेरी मारायची, हा माझा नेम झाला आहे.

नकाशावरून निवड करताना थोडी सावधगिरी बाळगावी. नकाशावरचा प्रत्येक हिरवा ठिपका उद्यान असतोच असे नाही. अशाच एका मोठ्या ठिपक्याच्या ओढीने मी तासभर चाललो होतो आणि शेवटी खासगी गोल्फ मैदानाच्या भिंतीपाशी येऊन थांबलो होतो. म्हणून हिरव्या रंगापेक्षा दारे मोजावीत. ज्या उद्यानाला चारही बाजूंनी दारे आहेत आणि ज्याच्या कडेला लहान-लहान गल्ल्या येऊन मिळतात, ते बहुधा लोकांच्या रोजच्या वाटेवरचे असते. ज्याच्या तिन्ही बाजूंना सहा पदरी रस्ते आहेत ते कितीही देखणे असले तरी तिथे लोक वाहनाने येतात, फिरतात आणि परत जातात. फार मोठ्या उद्यानांचे गणित वेगळे असते, कारण ती मुळातच शहर विसरायला लावण्यासाठी रचलेली असतात. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा विस्तार सुमारे ३४१ हेक्टर आहे, आणि १८५८ साली निवडल्या गेलेल्या आराखड्यात फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड व कॅल्व्हर्ट वॉक्स यांनी उद्यान आडवे ओलांडणारे चार रस्ते जमिनीच्या पातळीखाली घेतले, ते चालणाऱ्याच्या नजरेला गाड्या पडू नयेत म्हणून. अशा उद्यानात शहर शोधायला जाल तर निराश व्हाल. तिथे निवांतपणासाठी जावे आणि वस्तीची नाडी पाहायची असेल तेव्हा मध्यम आकाराची बाग निवडावी.

आत गेल्यावर सर्वांत अवघड काम म्हणजे बसणे. नवखा माणूस चालत राहतो, कारण चालले नाही तर काही तरी पाहायचे राहून जाईल अशी धास्ती त्याला असते. किमान अर्धा तास एका जागी बसल्याशिवाय बाग आपले वेळापत्रक दाखवत नाही. विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधील मोकळ्या चौकांवर कॅमेरे रोखून लोक कुठे बसतात याचा चिकाटीने अभ्यास केला. माणसांना सर्वांत जास्त ओढणारी गोष्ट म्हणजे इतर माणसे, हा त्यांचा निष्कर्ष ऐकायला साधा वाटतो. त्यांचे मला आवडलेले निरीक्षण मात्र हलवता येण्याजोग्या खुर्च्यांबद्दलचे आहे. खुर्ची मोकळी आहे, जागेवर आहे, ऊनही बेताचे आहे, तरी माणूस बसण्याआधी ती थोडीशी सरकवतो. मी हे वाचले आणि पुढच्याच आठवड्यात डोळ्यांनी पाहिले: एका वयस्क बाईंनी पिशवी खाली ठेवली, खुर्चीची पाठ धरून ती वीतभर डावीकडे ओढली, एक पाय खडीत नीट रुतला नाही म्हणून पुन्हा उचलून टेकवली, आणि बसल्यावर ज्या दिशेला तोंड केले ती होती मुलांच्या घसरगुंडीची. ती खुर्ची जिथे होती तिथूनही घसरगुंडी दिसतच होती. वीतभर सरकवल्याने खुर्ची ‘त्यांची’ झाली, एवढेच.

याच बसण्यातून दुसरी गोष्ट नजरेस येते, ती म्हणजे पायवाट. आखलेला फरसबंदी रस्ता वळसा घेऊन जातो आणि लोक मात्र हिरवळीचा कोपरा कापून सरळ जातात. काही महिन्यांत तिथले गवत झिजते, माती घट्ट होते आणि हातभर रुंदीची उघडी रेघ उमटते. एखाद्या ठिकाणी माळ्याने तिच्या तोंडाशी दोरी बांधलेली असते, आणि दोरीच्या टोकाला वळसा घालून जाणारी आणखी एक रेघ फुटलेली असते. ही रेघ कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेपेक्षा अधिक कामाची आहे. ती धरून बाहेर पडा. हजारो लोक ज्या घाईने तो कोपरा कापतात, त्या घाईचे कारण दुसऱ्या टोकाला असतेच: रेल्वे स्थानक, शाळा, मंडई किंवा दाट वस्तीची एखादी गल्ली. आपल्याला जी गजबजलेली वस्ती शोधायची आहे तिचा पत्ता बहुधा असाच सापडतो.

वस्तीत शिरल्यावर चाल निम्मी करावी. डेन्मार्कचे वास्तुरचनाकार यान गेल यांनी आयुष्यभर पायी चालणाऱ्यांच्या नजरेने शहरे अभ्यासली. कोपनहेगनमधील स्ट्रॉगेट हा रस्ता १९६२ साली वाहनांसाठी बंद झाला, त्यानंतर तिथे लोक काय करतात याच्या त्यांनी बारकाईने नोंदी घेतल्या. ज्या रस्त्यावर अरुंद दर्शनी भागांची दुकाने आणि दारे दाटीने असतात तिथे चालणाऱ्याला दर काही सेकंदांनी नवे काही दिसते आणि म्हणून अंतर जाणवत नाही, हे त्यांचे म्हणणे आपल्यालाही कुठेही पडताळून पाहता येईल: लांबलचक कोऱ्या भिंतीशेजारून शंभर पावले चालून पाहा, ती कंटाळवाणी तीनशे वाटतात. मी स्वतः मात्र दुकानांच्या संख्येपेक्षा त्यांच्या प्रकाराकडे पाहतो. कुलपे-किल्ल्या, चपलांची दुरुस्ती, शिवणकाम, सायकलींचे सुटे भाग, शाळेच्या वह्या अशी दुकाने जिथे आहेत तिथे माणसे राहतात. जिथे केवळ आठवणवस्तूंची दुकाने आहेत तिथे माणसे येऊन जातात. नजर वरच्या मजल्यांकडेही टाकावी. वाळत घातलेले कपडे, कुंड्या, संध्याकाळी लागणारे दिवे हे सारे वस्ती जिवंत असल्याचे पुरावे आहेत, तर खाली झगमगाट आणि वर ओळीने बंद खिडक्या दिसल्या तर राहणारे बहुधा आधीच निघून गेलेले असतात.

त्यांच्या निघून जाण्याला कधीकधी उद्यानही कारणीभूत ठरते, हे विसरू नये. न्यूयॉर्कमध्ये वापरात नसलेल्या उन्नत रेल्वेमार्गावर २००९ पासून टप्प्याटप्प्याने खुली झालेली हाय लाइन ही सुंदर बाग आहे, पण तिच्यामुळे आसपासच्या जागांचे मोल इतके चढले की जुन्या भाडेकरूंना आणि लहान व्यावसायिकांना टिकणे कठीण झाले. याच्या उलट बर्लिनमध्ये घडले: टेंपलहोफ विमानतळ २००८ साली बंद झाला, २०१० मध्ये त्याचे विस्तीर्ण मैदान लोकांसाठी खुले झाले, आणि २०१४ मध्ये नागरिकांनी सार्वमतातून तिथल्या नियोजित बांधकामाला नकार दिला, आज जुन्या धावपट्टीवर लोक सायकली चालवतात. पॅरिसचे ब्यूत-शोमाँ उद्यान १८६७ मध्ये खुले झाले, ते जुन्या खाणींच्या जागेवर. ‘इथे आधी काय होते?’ हा प्रश्न प्रत्येक बागेत कुणाला तरी विचारावा, शक्यतो माळ्याला. काम चालू असताना नव्हे, तो अवजारे धुऊन ठेवत असताना.

हिंडण्याचा क्रम कसा असावा, याबाबत मी पॅट्रिक गेडेस यांचे ऐकतो. नगररचनेआधी नगर चालून पाहावे असा आग्रह धरणारे हे स्कॉटिश गृहस्थ १९१४ साली भारतात आले, इथल्या अनेक शहरांवर त्यांनी अहवाल लिहिले आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र शिकवले. एडिंबरा येथे त्यांनी १८९२ मध्ये एक मनोरा ताब्यात घेतला होता, आणि तिथे येणाऱ्याला ते आधी थेट गच्चीवर नेत व मग एकेक मजला खाली उतरवत. आधी उंचावरून सारे शहर, मग तपशील. आपणही पहिल्या दिवशी एखादी टेकडी किंवा इमारतीची गच्ची गाठावी आणि हिरवे पट्टे कुठे आहेत, छपरे कुठे दाटली आहेत आणि दोहोंची सीमा कुठे भिडते, ते पाहून ठेवावे.

दोन गोष्टी शिष्टाचाराच्या. खेळणाऱ्या मुलांची आणि घरांच्या दारांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत, आणि बाग बंद होण्याची वेळ दारावर वाचूनच आत जावे. अंधार पडल्यावर कुठे जाणे बरे आणि कुठे टाळावे हे कार्यालयातील सहकाऱ्यांपेक्षा त्याच वस्तीत राहणारा माणूस अचूक सांगतो.

येत्या शनिवारी सकाळी आठच्या सुमारास एक मध्यम बाग निवडा, बाहेरून फेरी मारा, अर्धा तास बसा आणि झिजलेल्या गवताची रेघ धरून पलीकडच्या वस्तीत उतरा. त्यानंतर लगेच दुसऱ्या बागेकडे वळू नका. त्याच बागेत पुढच्या आठवड्यात कामाच्या दिवशी, संध्याकाळी सहाला पुन्हा जा. सकाळी रिकामा असलेला बाक आता कुणी धरला आहे आणि सकाळी भरलेला कोणता बाक आता रिकामा आहे, एवढे जरी टिपले तरी त्या संध्याकाळचे काम झाले.