झोपलेली कुत्री आणि 'लाय'चा घोळ

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

'लेट स्लीपिंग डॉग्ज लाय' या इंग्रजी म्हणीसमोर तू वहीत 'झोपलेल्या कुत्र्यांना खोटं बोलू द्या' असा अर्थ लिहिला आहेस. ही चूक फार जणांची होते. इंग्रजीत 'लाय' ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. एक खोटं बोलण्याचं, दुसरं आडवं पडून राहण्याचं. इथे दुसरं आहे. कुत्री झोपली आहेत ना, मग पडू देत; म्हणजे निवलेला वाद पुन्हा उकरू नये.

आता रचना. 'लेट'नंतर क्रियापदाचं मूळ रूपच येतं, म्हणून 'टू लाय' नाही, 'लाइंग' नाही आणि 'ले' तर नाहीच. भूतकाळातही 'शी लेट स्लीपिंग डॉग्ज लाय' असंच राहतं. उच्चारात 'डॉग्ज'चा शेवट 'स' नको, 'ज' हवा, आणि जोर 'डॉग्ज' व 'लाय'वर दे. ही कल्पना जुनी आहे: इंग्रज कवी चॉसरच्या १४व्या शतकातल्या काव्यात आणि जॉन हेवुडच्या १५४६च्या म्हणीसंग्रहातही झोपलेल्या कुत्र्याला उठवणं बरं नव्हे, असं आहे. तिथे कुत्रा एकच, आज मात्र अनेकवचनच रूढ आहे. तेच ठेव.

खरी अडचण वापराची आहे. पूर्वी काही बिनसलेलं असावं, आता ते निवलेलं असावं आणि हात घातला तर पुन्हा पेटेल अशी भीती असावी. यातलं एक जरी नसलं तरी वाक्य चुकतं. ऑफिसातल्या दोन टीम उशिरा गेलेल्या कामाच्या दोषावरून भांडल्या, मग दिलजमाई झाली, काम सुरळीत चाललं आहे. कुणी जुने मेल काढून 'नेमकी चूक कोणाची' असं विचारू लागलं, की हे वाक्य चपखल बसतं. मराठीत आपण 'जुनी मढी उकरू नकोस' किंवा 'खपली काढू नकोस' म्हणतो. 'झाकली मूठ' इथे चालणार नाही. तिच्यात गुपित असतं, इथे सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.

मुळात काही बिनसलंच नसेल, चांगलं चाललेल्या गोष्टीत उगाच ढवळाढवळ नको असेल, तर 'लीव्ह वेल अलोन' म्हण. अमेरिकेत त्यालाच 'लीव्ह वेल इनफ अलोन' म्हणतात. 'माइंड युअर ओन बिझनेस' मात्र जपून. ती समोरच्याला दिलेली चपराक आहे, वरिष्ठांना कधीच म्हणू नये.

एका बाबतीत मी आग्रही आहे. यंत्रातला बिघाड चालूच आहे, कुणाचे पैसे अडकले आहेत, कुणाला त्रास होतो आहे, तिथे हे वाक्य वापरू नकोस. ते कुत्रं झोपलेलं नाही. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला हे ऐकवलं, तर त्याला 'गप्प बस' असंच ऐकू येतं.

आणखी एक. वाक्यातली कुत्री म्हणजे तो वाद, माणसं नव्हेत. पण म्हण ठाऊक नसलेल्याला 'डॉग्ज' हा शब्द मनाला लागू शकतो. अशा बैठकीत सरळ 'लेट्स नॉट रीओपन दॅट' म्हणावं.

आता तीन प्रसंग लिही: दोन जिथे ही म्हण बसते, एक जिथे बसत नाही. तिसऱ्याखाली कारण लिही आणि वही पाठवून दे.

तुझा शुभचिंतक