फेडने दर उतरवले, मग आमचा हप्ता तोच का?

यावेळच्या पत्रांमध्ये अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांची पत्रं जास्त आहेत. वॉशिंग्टनमध्ये घेतलेला निर्णय आपल्या स्वयंपाकघरापर्यंत कसा पोचतो, असा बहुतेकांचा प्रश्न आहे. एकच निर्णय दोन शेजाऱ्यांच्या घरी वेगवेगळा पोचतो, आणि ते कोणता करार कधी केला यावर अवलंबून असतं. म्हणून उत्तरं देताना मी ज्याच्या-त्याच्या परिस्थितीला धरून बोललो आहे.

प्रश्न : आम्ही ऑक्टोबर 2023 मध्ये एडिसनला घर घेतलं. कर्ज 4 लाख डॉलर, व्याज 7 टक्क्यांच्या वर. त्यानंतर फेडरल रिझर्व्हने (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे ‘फेड’ने) कितीदा तरी दर कमी केले, पण आमचा हप्ता एका डॉलरनेही उतरला नाही. बँक फसवते आहे का?

नाही. तुमचं कर्ज तीस वर्षांसाठी स्थिर दराचं आहे, त्यामुळे ते आपोआप उतरत नाही आणि चढतही नाही. भारतात बहुतेक घरकर्जं बदलत्या दराची असतात. तिथे रिझर्व्ह बँकेचा रेपो दर हलला की हप्ता किंवा मुदत हलते. त्या सवयीमुळे हा गैरसमज होतो.

फेड जो दर ठरवते तो बँका एकमेकींना एका रात्रीसाठी देतात त्या पैशाचा. तीस वर्षांच्या घरकर्जाचा दर त्याच्यामागे जात नाही. तो मुख्यतः सरकारच्या दहा वर्षांच्या रोख्यांवरच्या व्याजामागे जातो, आणि ते व्याज बाजार ठरवतो. सप्टेंबर ते डिसेंबर 2024 मध्ये फेडने दर पूर्ण एक टक्क्याने उतरवला. त्याच सुमारास घरकर्ज मात्र 6.1 टक्क्यांच्या आसपासून चढत गेलं आणि जानेवारी 2025 मध्ये 7 च्या पुढे पोचलं. महागाई आणि सरकारची तूट यांची बाजाराला धास्ती होती.

आता तुमच्या शेजाऱ्याकडे बघा. जानेवारी 2021 मध्ये घरकर्जाचा सरासरी दर 2.65 टक्क्यांपर्यंत खाली आला होता, इतका कमी तो कधीच नव्हता. त्या सुमारास 3 टक्क्यांनी 4 लाख घेणाऱ्याचा हप्ता 1,686 डॉलर आहे. तेवढ्याच कर्जाला 7 टक्क्यांनी 2,661 पडतात. महिन्याला 975 डॉलरचा फरक, तोही केवळ तारखेमुळे. तो शेजारी आता घर विकत नाही, कारण विकलं तर नवं कर्ज महाग पडतं. बाजारात घरं कमी येतात आणि दर चढूनही किमती उतरत नाहीत. ज्यांनी अजून पहिलं घर घेतलेलं नाही त्यांना याची झळ सर्वांत जास्त लागते, आणि मला हे फार खटकतं.

तुमच्या हातात रीफायनान्स आहे, म्हणजे नवं कर्ज घेऊन जुनं फेडणं. 7 वरून 6 टक्क्यांवर आलात तर हप्ता साधारण 2,398 होईल, म्हणजे महिन्याला 263 वाचतील. खर्च 8,000 आला तर तो भरून निघायला अडीच वर्षं लागतील. तेवढा काळ त्या घरात राहणार असाल तरच करा. ‘नो कॉस्ट’ म्हणून जे विकलं जातं त्यात खर्च व्याजात किंवा मुद्दलात मिसळलेला असतो. तो आकडा मागून घ्या.

प्रश्न : महागाई कमी झाली असं सतत ऐकतो. सिएटलमध्ये आमचं ग्रोसरीचं बिल का कमी होत नाही?

महागाईचा दर म्हणजे किमती वाढण्याचा वेग. जून 2022 मध्ये तो वर्षाला 9.1 टक्के होता, पुढे 3 च्या आसपास आला. याचा अर्थ किमती अजूनही वाढतात, फक्त हळू. 2021 च्या सुरुवातीपासून 2025 च्या अखेरीपर्यंत एकूण किमती सुमारे एक चतुर्थांशाने वर गेल्या, आणि त्या मागे येणार नाहीत. अंडी हा अपवाद. मार्च 2025 मध्ये डझनाचा सरासरी भाव 6.23 डॉलर झाला आणि नंतर उतरला. त्यामागे बर्ड फ्लू होता, धोरण नव्हे.

तेव्हा बिलाबरोबर जानेवारी 2021 ची पगाराची पावतीही काढा. तेव्हापासून पगार पाव हिश्शाने वाढला नसेल, तर तुम्ही त्याच कामासाठी कमी मोबदला घेत आहात. साहेबांशी बोलताना हा आकडा जवळ ठेवा. निवृत्तांना सोशल सिक्युरिटीत (सरकारी पेन्शनमध्ये) महागाईनुसार दरवर्षी वाढ मिळते (2023 साठी ती 8.7 टक्के होती). केंद्रीय किमान वेतन मात्र जुलै 2009 पासून तासाला 7.25 डॉलरच आहे. अनेक राज्यांनी स्वतःचा दर वाढवला, पण ज्यांनी नाही वाढवला तिथल्या कामगाराला या महागाईपासून कसलंच संरक्षण नाही.

प्रश्न : टॅरिफ परदेशी कंपन्या भरतात असं सांगितलं गेलं. मग इंडियन स्टोअरमधले पापड आणि लोणचं का महागलं?

टॅरिफ, म्हणजे आयात शुल्क, भरतो तो माल आणणारा अमेरिकन आयातदार, बंदरावर, अमेरिकेच्या कस्टम्सला. त्यातला काही भाग तो स्वतः सोसतो, काही निर्यातदाराकडून कमी करून घेतो आणि उरलेला तुमच्या पिशवीत येतो. 27 ऑगस्ट 2025 पासून भारताच्या बऱ्याच मालावर एकूण 50 टक्के शुल्क लागलं. नोव्हेंबरमध्ये चहा, कॉफी आणि मसाल्यांना सवलत मिळाली. दर पुढेही बदलत राहतात, पण पैसे जाण्याची वाट हीच राहते.

2018 चं उदाहरण मला नेहमी आठवतं. वॉशिंग मशीनच्या आयातीवर शुल्क लागलं. मशीन सरासरी 86 डॉलरने महागलं आणि कपडे वाळवायचा ड्रायर 92 ने. ड्रायरवर शुल्क नव्हतंच! पण लोक दोन्ही जोडीनं घेतात, म्हणून दुकानदारांनी वाढ दोन्हींवर वाटली. देशात तयार झालेली मशीनही महागली. ‘देशी माल घ्या’ एवढ्यानं टॅरिफ चुकवता येत नाही, ते यामुळेच.

प्रश्न : सांगलीला आईबाबांना दरमहा पैसे पाठवतो. नवा रेमिटन्स टॅक्स किती पडेल?

बँक खात्यातून किंवा अमेरिकेत दिलेल्या डेबिट-क्रेडिट कार्डावरून पाठवत असाल तर शून्य. 1 जानेवारी 2026 पासूनचा 1 टक्का कर रोख, मनी ऑर्डर किंवा कॅशियर्स चेक देऊन पाठवलेल्या पैशांवर आहे. विधेयकात आधी 5 टक्के होते, ती भीती अजून लोकांच्या मनात आहे. तुम्ही निर्धास्त पाठवत राहा.

प्रश्न : आम्ही दोघं साठीच्या आत-बाहेर, डॅलसजवळ घरून छोटा व्यवसाय करतो. उत्पन्न 86,000 डॉलर. मार्केटप्लेसचा (सरकारी विमा बाजारातला) आरोग्य विमा 2025 मध्ये महिना 610 ला होता, 2026 साठी 2,150 सांगितले. विमा सोडावा असं वाटतं.

कृपा करून सोडू नका. या वयात एका हॉस्पिटल मुक्कामात आयुष्यभराची शिल्लक जाऊ शकते, आणि मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, 65 ला मिळेल.

काय झालं ते आधी सांगतो. 2021 मध्ये विम्याची सब्सिडी वाढवली होती. उत्पन्न कितीही असो, मार्केटप्लेसवरच्या मानक प्लॅनसाठी (ज्यावरून सब्सिडी ठरते तो) उत्पन्नाच्या 8.5 टक्क्यांहून जास्त द्यावं लागत नव्हतं. ती सोय 2025 च्या अखेरीस संपली आणि जुनी मर्यादा परत आली. दारिद्र्यरेषेच्या चौपट उत्पन्नापलीकडे गेलात की सब्सिडी पूर्ण बंद. दोघांच्या कुटुंबासाठी 2026 ची ही चौपट मर्यादा 84,600 आहे. तुम्ही 1,400 ने पलीकडे आहात, म्हणून हा आकडा.

आता नीट वाचा. नोकरीत निवृत्ती योजना नसेल तर पारंपरिक आयआरएमध्ये (स्वतःच्या निवृत्ती बचत खात्यात) टाकलेली रक्कम या हिशोबातल्या उत्पन्नातून वजा होते. 2,000 डॉलर टाकले तर उत्पन्न 84,000 होतं. मग मानक प्लॅनसाठी तुमचा वाटा उत्पन्नाच्या 9.96 टक्के, म्हणजे महिना 700 च्या आत. तुमचा प्लॅन तोच असेल तर महिन्याला 1,450 वाचतात, आणि ते 2,000 तुमच्याच खात्यात राहतात. ब्राँझ प्लॅन घेतलात तर 2026 पासून त्याच्यासोबत हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंटही उघडता येतं. त्यातली रक्कमही वजा होते.

एका गोष्टीत अनेक मराठी कुटुंबं चुकतात. भारतातल्या मुदत ठेवींचं व्याज, एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यावरचंसुद्धा, अमेरिकेच्या हिशोबात उत्पन्नच आहे. ते धरूनच 84,600 च्या आत राहा. 2026 पासून जास्त घेतलेली सब्सिडी कर भरताना पूर्ण परत करावी लागते, पूर्वीसारखी कमाल मर्यादा नाही. वर्षाच्या मध्ये मोठं काम मिळालं तर मार्केटप्लेसवर उत्पन्न लगेच बदला. आयआरएत पैसे टाकायला पुढच्या 15 एप्रिलपर्यंत मुदत असते. म्हणून डिसेंबरचे हिशोब हातात आल्यावर, भारतातल्या बँकेचं व्याज प्रमाणपत्र समोर ठेवून, नेमके किती टाकायचे ते ठरवा.